हजारातले सहा यार्ड

सिग्ने आसेनने तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा आकडा आला नऊशे चौऱ्याण्णव.

तो दुसऱ्या कुणाचा असता तर तिने कागदावर लिहून टाकला असता आणि जेवायला गेली असती. पण तो ड्वेन रुस्टाडचा होता, आणि ऑस्टरडाल गावात ड्वेनच्या नावाला एकच आकडा चिकटलेला होता: हजार. कॉलेजच्या व्यायामशाळेत शिरताना डाव्या हाताला पितळी पाटी आहे, तिच्यावर हजार. त्याच्या बियाण्यांच्या दुकानात येणारे शेतकरी दारातूनच ओरडत, "काय हजार, यंदा मका काय म्हणतोय?" एकोणीसशे सत्याऐंशी साली कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ दहापैकी नऊ सामने हरला होता. जो एक जिंकला, तोही समोरच्यांची बस वाटेत बंद पडून त्यांची निम्मीच पोरं वेळेवर पोचली म्हणून. त्या सगळ्या हंगामातून गावाने एकच गोष्ट जपून ठेवली होती. चेंडू छातीशी धरून, समोरच्यांच्या भिंतीत घुसत, ड्वेनने त्या वर्षात हजार यार्ड कापले होते. इतक्या रडक्या संघात असून हजार.

सिग्ने काही ते उकरून काढायला निघाली नव्हती. ती चोवीस वर्षांची होती, भौतिकशास्त्राची पदवी घेऊन गावी परत आली होती आणि पुढे कुठे शिकायचं हे ठरेपर्यंत कॉलेजच्या क्रीडा विभागात नोंदी ठेवायचं काम करत होती. यंदाही संघ नऊपैकी आठ सामने हरला होता. शनिवारी शेवटचा सामना होता, घरच्या मैदानावर. विभागप्रमुख ट्रेंटने तिला दोन आठवड्यांपूर्वी बोलावून सांगितलं होतं, "सामन्याच्या पुस्तिकेत एक पान टाकू. आपल्या आजवरच्या निराशाजनक हंगामांची तुलना. सत्याऐंशी, दोन हजार चार आणि यंदाचा."

"कशासाठी?"

"म्हणजे लोकांना दिसेल की यंदाचा काही सगळ्यात वाईट नाही."

"आणि तो सगळ्यात वाईट निघाला तर?"

ट्रेंटने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "सिग्ने, तू आकडेवाली आहेस. काहीतरी काढ. गुरुवारी दुपारी बारापर्यंत पान छापखान्यात गेलं पाहिजे."

पहिली अडचण मोजण्याआधीच आली. निराशा मोजायची कशी? हरलेले सामने मोजले तर सत्याऐंशी आणि यंदाचा हंगाम जवळजवळ सारखे होते आणि दोन हजार चारचा त्यात बसतच नव्हता, कारण त्या वर्षी चार सामने जिंकले होते. पण हे तिने कोरीच्या कॅफेत बोलून दाखवलं मात्र, कोरी तव्यावरचं ऑम्लेट तसंच सोडून बाहेर आला. तो दोन हजार चारच्या संघात होता.

"सत्याऐंशी? त्यांचं काय घेऊन बसलीस! त्यांच्याकडून कुणी काही मागितलं तरी होतं का? आमच्या वेळी आदल्या वर्षीचे नऊ जण संघात. पेपरवाल्यांनी ऑगस्टातच पहिला नंबर देऊन टाकला होता. माझ्या आईने डिसेंबरातल्या अंतिम सामन्यासाठी व्हर्जिनियाची विमानाची तिकिटं काढून ठेवली होती."

"मग?"

"मग काय, चार जिंकलो, सहा हरलो. तिकिटं परत होईनात. आई-बाबा गेले व्हर्जिनियाला. दोन भलतेच संघ खेळत होते. आई म्हणते, सामना छान झाला." त्याने कपाळाचा घाम पुसला. "आमचाच सगळ्यात वाईट. लिही तसं."

"कोरी, हे तू अभिमानाने सांगतोयस."

"मग? दुसरं काय मिळालं होतं आम्हाला? तेवढं तरी आमचं राहू दे."

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला आणि तो पळाला. सिग्नेने वहीत लिहिलं: निराशा म्हणजे हरणं नव्हे, ठेवलेली आशा वजा हाती आलेलं. मग आशा कशी मोजायची, यावर ती दोन दिवस डोकं खाजवत बसली. शेवटी तिने एक माप ठरवलं. प्रत्येक हरलेल्या सामन्यात असं एक मिनिट येतं, ज्याच्यानंतर एका झटक्यात बरोबरी साधता येईल इतक्या जवळ संघ पुन्हा येतच नाही. तोपर्यंत लोक आशेवर बसलेले असतात. साठ मिनिटांच्या सामन्यात ते मिनिट कितवं, हे तिला हवं होतं.

त्यासाठी तिन्ही हंगामांतली प्रत्येक चाल बघणं भाग होतं. जुन्या चित्रफिती संगणकावर चढवलेल्या होत्या. ती बघत गेली, लिहीत गेली. उत्तर मजेशीर आलं. सत्याऐंशीचा संघ सरासरी सतराव्या मिनिटाला संपायचा. दोन हजार चारचा एकेचाळिसाव्या. आणि यंदाचा छप्पन्नाव्या. म्हणजे यंदाची पोरं दर शनिवारी लोकांना जवळजवळ शेवटपर्यंत झुलवत ठेवत होती आणि मग हरत होती. सत्याऐंशीच्या प्रेक्षकांना निदान अर्ध्या वेळेच्या आत घरी जाऊन सूप प्यायला मोकळीक होती.

सगळ्या चाली लिहिल्याच आहेत, तर बेरजाही जुळवून पाहाव्यात, म्हणून तिने सहज ड्वेनचे यार्ड मोजले. आणि हा नऊशे चौऱ्याण्णव निघाला.

पहिल्यांदा तिला वाटलं, ही चूकच नव्हे. कुणी साडेतीन यार्ड पळालं तर कागदावर तीन लिहितात नाहीतर चार. ड्वेनच्या एकूण दोनशे एकतीस धावा होत्या. प्रत्येक धावेत असा अर्ध्या यार्डापर्यंतचा इकडचा तिकडचा फरक धरला, तर बरेचसे फरक एकमेकांत फिटूनही सगळ्यांच्या बेरजेत चार-साडेचार यार्डांचा घोळ राहणारच, तो कुणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नव्हे. सहा यार्ड त्याच्यापेक्षा थोडेसेच जास्त होते. हे उत्तर तिला आवडलं. फार आवडलं, म्हणूनच तिने ते तपासून पाहायचं ठरवलं.

तळघरातल्या कपाटातून तिने त्या हंगामाचे मूळ कागद काढले. व्हर्लिन ब्रेकेच्या हातचे, पेन्सिलीने लिहिलेले, एका ओळीत एक चाल. तिने आपली यादी शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. बारा ठिकाणी एका यार्डाचा फरक होता, सहा इकडे, सहा तिकडे. ते एकमेकांना खाऊन टाकत होते. बाकी सगळं तंतोतंत. फरक उरला तो एकाच ओळीत. हंगामाच्या अगदी शेवटच्या सामन्यात, शेवटून तिसरी चाल. कागदावर लिहिलं होतं: "संघ. उणे सहा. चेंडू नीट मागे आला नाही."

नोंदीच्या कागदावर खेळाडूंच्या नावांखाली 'संघ' असा एक रकाना असतो. मागे गेलेल्या यार्डांचा जो तोटा कुणाच्या एकाच्या नावावर टाकता येत नाही, तो तिथे जातो. सिग्नेने चित्रफीत लावली. चेंडू नीट मागे आला होता. तो ड्वेनच्या हातात पडला, ड्वेन दोन पावलं पुढे गेला, मग दोन जण त्याच्या अंगावर आले आणि त्यांनी त्याला उचलून सहा यार्ड मागे नेऊन आपटलं. तोटा ड्वेनचा होता. हजार वजा सहा.

*

व्हर्लिन ब्रेके एक्याऐंशी वर्षांचा होता आणि तळ्याकाठच्या वृद्धांच्या वसाहतीत राहत होता. चव्वेचाळीस वर्षं त्याने मैदानाच्या वरच्या काचेच्या खोलीत बसून आकडे लिहिले होते. मंगळवारी सकाळी त्याने सिग्नेपुढे पातळ कॉफी आणि साखर भुरभुरवलेली बटाट्याची पोळी ठेवली.

"मिस्टर ब्रेके, सत्याऐंशीच्या शेवटच्या सामन्यातली शेवटून तिसरी चाल आठवते तुम्हाला?"

"नाही आठवत म्हणालो, तर निघून जाशील?"

"नाही."

"मग आठवते." त्याने पोळीची गुंडाळी केली आणि ती तशीच हातात धरून ठेवली. "आम्ही एकतीस-शून्यने मागे होतो. आदल्या चालीत ड्वेनचे हजार पूर्ण झाले. मी निवेदकाच्या खांद्यावर थाप मारली आणि त्याने भोंग्यावरून जाहीर केलं. लोक उभे राहिले, पोरी. त्या वर्षात पहिल्यांदा. बायका रडत होत्या. आणि त्या टाळ्या चालू असतानाच पुढची चाल झाली. कुणी पाहिलीसुद्धा नाही. मी पाहिली."

"आणि 'संघ' लिहिलंत."

"भोंग्यावरून सांगून झालं होतं. आता काय पुन्हा सांगायचं, माफ करा मंडळी, बसा खाली?" तो खिडकीबाहेर बघू लागला. "चव्वेचाळीस वर्षांत लाखभर ओळी लिहिल्या असतील. खोटी एकच."

सिग्नेने मनात गुणाकार केला. लाख जरा जास्तच होते, पण तिने आकडा दुरुस्त केला नाही.

"मी काय छापू?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? आकडा ड्वेनचा आहे. त्याला विचार."

ते बरोबर वाटलं. दोघांनाही बरोबर वाटलं.

ड्वेन दुकानात एकटाच होता. नोव्हेंबरात बियाणं कोण घेतं. सिग्नेने लॅपटॉप उघडून त्याला ती चाल दाखवली, कागद दाखवला. तो वाचायचा चष्मा लावून खूप वेळ बघत राहिला. एके काळी समोरच्यांच्या भिंतीत घुसणारा माणूस आता पोटामुळे गल्ल्यामागे जेमतेम मावत होता.

"मी होतो ना तिथे," तो शेवटी म्हणाला. "ढुंगणावर आपटलो होतो. मला काय माहीत नव्हतं?"

"मग?"

"मला वाटलं, हजाराच्या वर गेलो असेन आधीच. हजार सहा, हजार आठ. भोंग्यावाल्याने उशिरा सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बरोबर हजार. म्हटलं, चला, आधीचे सहा होते ते गेले. जमला हिशेब."

"तुम्ही व्हर्लिनना विचारलं नाहीत?"

"तू विचारलं असतंस?"

"हो."

ड्वेनने चष्मा काढला. "हं. तू विचारलं असतंस." तो जरा हसला, पण ते हसू लगेच विरलं. "हे छापलंस तर माझं काय उरतं सांग. नऊ सामने हरलेल्या संघातला एक. गावात असले शेकड्याने आहेत. त्या कोरीला विचार."

सिग्नेने लॅपटॉप मिटला. छापू नकोस असं तो म्हणाला असता, तर तिने काय केलं असतं हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. पान गुरुवारी जाणार होतं. 'हजार' हा शब्द गाळून टाकणं शक्य होतं. नुसते हरलेले सामने आणि तिची मिनिटं छापली असती तरी कुणाला काही कळलं नसतं. पण गाळणं हेही उत्तर ठरवून टाकणंच आहे, हे तिला कळत होतं.

"उद्या बुधवार," ड्वेन म्हणाला. "उद्या साडेपाचला ब्लू हेरॉनमध्ये ये जेवायला. तेव्हाच्या संघातले दोघं असतील. ते यार्ड काही मी एकटा पळालेलो नाही."

*

हजार यार्ड पळणाऱ्याने आपल्यासमोर वाट फोडणाऱ्या पाच जणांना जेवू घालायचं, मोठ्ठा मांसाचा तुकडा, हवा तेवढा. ही रीत सगळीकडेच आहे. बहुतेक जण एकदा जेवू घालून मोकळे होतात. ड्वेन हंगामातल्या शेवटच्या सामन्याच्या आधीच्या बुधवारी सदतीस वर्षं जेवू घालत आला होता. पाचांपैकी एक जण दोन हिवाळ्यांपूर्वी वारला होता, दोघं दूर ॲरिझोनात जाऊन राहिले होते. उरले होते आर्लो आणि लोवेल.

आर्लो ब्यर्के शाळेची बस चालवायचा आणि बसमधल्या पोरांना ऐकू जावं अशाच आवाजात सगळीकडे बोलायचा. लोवेल क्वाम लाकूडकाम करायचा आणि सहसा बोलायचाच नाही. खेळात तो पाचांच्या मधोमध असायचा. वाकून, पायांमधून चेंडू मागे द्यायचा, तेव्हा चाल सुरू व्हायची.

"ही कोण?" आर्लोने विचारलं. "ड्वेन, आम्ही दोघंच उरलो म्हणून नवीन भरती केलीस काय? हिला वारा लागला तर उडून जाईल!"

"ही आसेनांची सिग्ने. कॉलेजात आकडे बघते."

"आमचे कसले आकडे? आमचं वजन बघ म्हणावं."

मुळे, गाजरं आणि लोणच्याची ताटली आली, मग मांस आलं, बटाटे आले. ड्वेनने अर्धा तुकडा संपेपर्यंत वाट पाहिली. मग सुरी-काटा खाली ठेवून त्याने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता: ती चाल, तो भोंगा, ते सहा यार्ड.

आर्लोने टेबलावर हात आपटला. "म्हणजे सदतीस वर्षं आम्ही फसवून मांस खातोय! अरे देवा! लोवेल, तोंडातलं थुंक!"

"गंमत नाही, आर्लो."

"गंमत नाही तर काय? नऊशे चौऱ्याण्णव काय कमी आहेत? पण एक सांग, तू त्या चालीत होतासच कशाला? कोच म्हणत होते ना, बस आता, झाले हजार, बाहेर ये."

"तुम्हीच म्हणालात," ड्वेन म्हणाला. "वर्तुळ करून उभे होतो तेव्हा वेन म्हणाला, आमची शेवटची तीन-चार मिनिटं आहेत, तुझ्या जागी येणाऱ्या त्या पहिल्या वर्षाच्या पोराच्या पुढे आम्हाला उभं करू नकोस. तू थांब. मग थांबलो."

वेन म्हणजे तो वारलेला. मग लोवेलने काटा ताटाच्या कडेला ठेवला, अगदी सरळ रेषेत.

"माझा चेंडू नीट गेला होता," तो म्हणाला.

"कुठला चेंडू?" ड्वेनने विचारलं.

"त्या चालीतला. कागदावर लिहिलंय ना, चेंडू नीट मागे आला नाही. सोमवारी सकाळी तो कागद कपडे बदलायच्या खोलीबाहेर लावलेला होता. मी वाचला." तो सिग्नेकडे वळला, कारण तिच्याशी बोलणं बहुधा सोपं होतं. "चेंडू मागे कोण देतं? मी. दुसरं कोण?"

"पण तिथे तुमचं नाव नाहीये," सिग्ने म्हणाली. "तिथे 'संघ' लिहिलंय."

"नाव कशाला लागतं? ज्याला खेळ कळतो त्याला कळतं." लोवेलने पाण्याचा घोट घेतला. "हे बघ, ड्वेनचे यार्ड लिहितात. चेंडू फेकणाऱ्याचे लिहितात, झेलणाऱ्याचे लिहितात. आम्हा पाचांचं कुणी काही लिहीत नाही. कागदावर आम्ही येतो ते फक्त चुकलो तरच. त्या वर्षी मी सहाशे बारा वेळा चेंडू मागे दिला. एकही वाईट नाही. आणि चार वर्षांत माझ्याबद्दल कागदावर जी एक ओळ आली, ती ही."

"सहाशे बारा?" आर्लोने विचारलं. "तू मोजत होतास?"

"नऊ सामने हरत होतो आपण, आर्लो. मोजायला दुसरं होतं काय?"

ड्वेनचा चेहरा लाल झाला होता. "लोवेल, सदतीस वर्षं तू माझ्या समोर बसून जेवतोयस. मला सांगायचंस ना!"

"सांगून काय? ओळ खोटी आहे म्हटलं, की ते सहा तुझ्या अंगावर येतात. मग हजार कुठले? ते हजार आमचेही होते. वेन तर मरेपर्यंत सांगत होता लोकांना, आम्ही हजार काढले." तो थांबला. "मी ठरवलं, राहू दे. एक चेंडू वाईट गेला म्हणायचं."

सिग्नेला काल सकाळची पातळ कॉफी आठवली. आकडा ड्वेनचा आहे, त्याला विचार, असं व्हर्लिन म्हणाला होता आणि तिने मान डोलावली होती. तोटा गाळून टाकला की तो नाहीसा होतो, असं समजण्याइतकी ती कच्ची नव्हती. पण तो गेला कुठे, हा प्रश्न मात्र तिने स्वतःला विचारला नव्हता. विचारायला हवा होता. ओळ तर तिच्या समोरच होती.

"तुझ्याकडे ती चाल आहे का?" लोवेलने विचारलं.

तिने ताटं बाजूला सारली आणि लॅपटॉप उघडला. तिघंही एका बाजूला येऊन दाटीवाटीने बसले, बाक कुरकुरला. पडद्यावर करड्या प्रकाशात पाच पोरं वाकलेली होती. चाल सुरू झाली आणि संपली.

"थांब, थांब," ड्वेन म्हणाला. "हा कोण? सगळे उजवीकडे चाललेत आणि हा शहाणा एकटा डावीकडे पळतोय?"

सिग्नेने चाल पुन्हा लावली. एक दांडगा मुलगा मोठ्या आत्मविश्वासाने डावीकडे निघाला होता आणि त्याने सोडलेल्या मोकळ्या जागेतून समोरचे दोघं सरळ ड्वेनवर आले होते.

मग आर्लो, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाला, "मी आहे तो."

ड्वेन आधी फसकन हसला, मग त्याला हसू आवरेना. "लेका आर्लो! सदतीस वर्षं मांस खातोयस!"

"मला ऐकू नाही आलं! टाळ्या वाजवत होते ना लोक! उजवी म्हणाला का डावी, कसं कळणार!"

लोवेल हसत नव्हता. "परत लाव," तो सिग्नेला म्हणाला. "सगळं नको. फक्त पहिला सेकंद."

तिने तो सेकंद लावला. वाकलेल्या मुलाच्या पायांमधून चेंडू मागे गेला आणि मागच्याच्या दोन्ही हातांत नेमका बसला. तिने न सांगताच पुन्हा लावला. आणखी तीनदा. लोवेल हनुवटीखाली मूठ ठेवून, एखाद्या चौकटीचा काटकोन तपासावा तसा बघत होता.

"बघा," तो म्हणाला. एवढंच.

ड्वेनचं हसणं थांबलं होतं. त्याने लोवेलकडे पाहिलं, मग सिग्नेकडे. "छाप," तो म्हणाला. "नऊशे चौऱ्याण्णव. आणि ती ओळ नीट कर."

"आणि पाटी?"

"पाटीचं मी बघतो. स्क्रूच आहेत, काढता येतात."

"आणि गावातले लोक तुला हाक काय मारतील?" आर्लोने विचारलं. "नऊशे चौऱ्याण्णव म्हणेपर्यंत मका पिकून जाईल!"

*

गुरुवारी सकाळी सहाला सिग्ने कार्यालयात आली. तिने सत्याऐंशीचे दहा सामने पुन्हा बघायला घेतले, फक्त प्रत्येक चालीचा पहिला सेकंद. आठ वाजता तिने व्हर्लिनला फोन करून लोवेलबद्दल सांगितलं.

"मला वाटलं होतं," व्हर्लिन म्हणाला, "संघ म्हणजे कुणीच नाही." मग थोड्या वेळाने, "पानावर माझं नाव घाल. चूक झाली असं लिहू नकोस. मुद्दाम केलं असं लिही."

"नक्की?"

"मी चव्वेचाळीस वर्षं नोंदी ठेवल्या, पोरी. नोंद कशी लिहितात ते मला माहीत आहे."

साडेअकराला तिने पान ट्रेंटच्या टेबलावर ठेवलं. वर तिन्ही हंगामांची मिनिटं होती, आणि खाली एक वाक्य: सगळ्यात वाईट हंगाम सत्याऐंशीचा, ऑगस्टात पहिला नंबर मिळाल्यामुळे सगळ्यात निराशाजनक दोन हजार चारचा, आणि बघायला सगळ्यात अवघड यंदाचा, कारण यंदाचा संघ छप्पन्न मिनिटं हार मानत नाही. त्याच्या खाली दुरुस्ती होती, व्हर्लिनच्या नावासकट. आणि शेवटी एक ओळ: लोवेल क्वाम, मागे दिलेले चेंडू सहाशे बारा, पैकी चित्रफितीवर पाहून तपासलेले सहाशे अकरा, वाईट एकही नाही.

"हे काय आहे?" ट्रेंट म्हणाला. "असला आकडा कुणी छापतं का? ह्याला रकानासुद्धा नाही."

"म्हणून ओळीत लिहिलाय."

त्याने घड्याळ पाहिलं. बाराला पंचवीस मिनिटं होती आणि त्याच्याकडे दुसरं पान नव्हतं. "यंदाच्याबद्दलचं वाक्य बरं आहे," तो म्हणाला आणि पान पाठवून दिलं.

शनिवारी थंडी कडाक्याची होती. सिग्ने काचेच्या खोलीकडे चढत असताना जिन्याखाली लोवेल उभा दिसला, कानटोपी घालून, पुस्तिका त्या पानावर दुमडून हातात धरलेली. त्याने तिला हाक मारली नाही, नुसती पुस्तिका वर केली. ती खाली उतरली.

"सहाशे अकरा का?" त्याने विचारलं.

"पाचव्या सामन्याची चित्रफीत शेवटी तुटलेली आहे. एक चाल दिसत नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिता येतं मला."

त्याने मान हलवली. ते त्याला पटलेलं दिसलं. "तोही नीट गेला होता," तो म्हणाला.

"माहीत आहे," सिग्ने म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं की हे काही खरं नाही, तिला माहीत नव्हतं, माहीत असण्याचा काही मार्गच नव्हता. "म्हणजे, पाहिला नाही मी," ती म्हणाली. "पण मागे दिलेले सहाशे बाराच लिहिलेत ना मी."